डावीकडचा ढीग

खोक्याची पट्टी कापायला कात्री सापडेपर्यंत कोणालाच धीर नव्हता. देवरावांनी दाढीचं ब्लेड आणलं, सत्यभामाबाईंनी विळी पुढे सरकवली, आणि तेवढ्यात त्यांच्या मुलाने, धनंजयने, स्कूटरच्या किल्लीने पट्टी टरकन फाडलीसुद्धा. नव्या कागदाचा वास वऱ्हांडाभर पसरला. डिसेंबरातलं कोवळं ऊन जाळीतून फरशीवर उतरलं होतं. त्या उन्हात पुस्तकं एकेक करून येऊ लागली. पिवळी, निळी, शेंदरी. कोणावर भोपळा, कोणावर हत्तीची शेपटी, एकावर तर नुसताच एक पाय.

"पायच हाय," सत्यभामाबाई ते पुस्तक लांब धरून म्हणाल्या. "बाकीचा माणूस कुठं गेला?"

"आत असंल ना, आई. पुस्तक उघडायले लावतात असं," धनंजय म्हणाला.

"मले नाही लावत कोणी," असं म्हणत त्यांनी पुस्तक उघडलंच.

धनंजयची बायको गीतांजली हसली, पण तिचं अर्धं लक्ष लेकीकडे, सोनूकडे होतं. ऑटोवाल्या भैयालालने पावर हाउस स्टेशनवरून ऑटोत घालून ही खोकी आणली तेव्हापासून पोरगी नाचत होती. आता ती रिकाम्या खोक्यात शिरून बसली होती आणि हाताला येईल ते पुस्तक उघडून, बोट ओळीखालून सरकवत, मोठ्याने 'वाचत' होती. देवराव प्रत्येक पुस्तकागणिक मान डोलवत होते.

आज संध्याकाळी त्यांचा वर्ग सुरू व्हायचा होता. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त होऊन, प्लांटच्या सेक्टरातलं क्वार्टर सोडून दुर्गजवळच्या कुरुदच्या या घरात आल्यापासून त्यांनी हा एकच ध्यास घेतला होता. आजूबाजूला मराठी घरं बरीच. कोणी प्लांटमधलं, कोणी दुर्गच्या रेल्वेतलं. पोरं घरात आईशी मराठी बोलायची आणि फाटक ओलांडलं की हिंदी. वाचायची तर हिंदी किंवा इंग्रजी, कारण शाळेत तेच. "बोलतात अन् वाचता येत नाही, म्हणजे रूळ टाकला अन् गाडीच नाही," असं देवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. म्हणून दर रविवारी पहिली-दुसरीच्या पोरांना जमवून मराठी वाचायला शिकवायचं ठरलं. नागपूरच्या आनंदरावांनी, म्हणजे देवरावांच्या मामेभावाने, ओळखीच्या दुकानातून ही पुस्तकं पाठवली होती. पसंत पडतील ती ठेवायची, बाकीची परत. क्वार्टरमधून आणलेल्या लोखंडी कपाटाचे दोनच खण मोकळे होते, तेव्हा निवड करणं भागच होतं.

आणि उद्घाटनाला, सगळ्या आईबापांसमोर, पहिला धडा सोनूने वाचायचा, हेही ठरलं होतं.

तेच गीतांजलीच्या जिवाला लागलं होतं. सोनूला वाचता येत नाही, हे या घरात तिच्या एकटीच्याच ध्यानात आलं होतं.

अक्षरं सुटी सुटी यायची. पण देवराव रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन जे जुनं वाचनपुस्तक वाचत, त्यांच्या मुलांच्या, नरेश-धनंजयच्या वेळचं, ते तिला अथपासून इतिपर्यंत पाठ झालं होतं. 'मदन शाळेत गेला. मदनने पाटी पुसली.' एकदा गीतांजलीने मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. सोनूचं बोट नव्या पानावरच्या ओळीखालून बरोबर सरकत होतं, आणि तोंडातून मागच्याच पानावरचा मदन पाटी पुसत होता. धनंजयला सांगितलं, तर तो म्हणाला, पाठ आहे म्हणजे डोकं तल्लख आहे, काळजी कायची? मग तिने आणखी कोणाला सांगितलं नाही. दुपारी सगळे झोपले की मोबाइलवर शिक्षिकांची भाषणं ऐकायची, काय काय वाचायची. लहान मुलांना सुरुवातीला पानावर एकच ओळ असलेली पुस्तकं द्यावीत, तोच तोच शब्द पुन्हा यावा, हे तिला तिथे उमगलं. तेव्हा तिने आनंदरावांच्या बायकोला, सुशीलाकाकूंना, गुपचूप फोन केला. म्हणूनच आज या खोक्यांतून मदनच्या नव्या कोऱ्या प्रतींसोबत ती पातळ, रंगीत पुस्तकं बाहेर येत होती. ती तिने मागवली आहेत, हे फक्त सुशीलाकाकूंना माहीत.

फाटकाशी गाडी थांबली. कुम्हारीहून नरेश, त्याची बायको रमा आणि लेक प्रांजली आले. नरेश धनंजयचा मोठा भाऊ. कुम्हारीत त्याचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप. या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशीच, जेवणाच्या पंगतीत, मी इथे राहायला येणार नाही, असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून बापलेकांत 'आलास' आणि 'निघतो' यांच्या मधलं काही बोलणं होत नव्हतं. आज सत्यभामाबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, आणि सकाळपासून फरा वाफवायला घेतला होता. तांदळाच्या पिठाचे ते इकडचे वळकुटे नरेशला जीव की प्राण.

"आलास," देवराव म्हणाले.

"आलो," नरेश म्हणाला, आणि पुस्तकांकडे पाहून म्हणाला, "अरे बाप्पा, पूरा दुकानच उठवून आणलं का?"

रमा चप्पल काढून आत आली. गीतांजलीने "ताई, बसा ना" म्हणत सतरंजी झटकली. दोघी जावांमध्येही वास्तूच्या दिवसापासून एक बारीक काटा होता. त्या दिवशी सोनूने पाहुण्यांसमोर मदनचे धडे धडाधड म्हणून दाखवले होते, आणि कोणीतरी प्रांजलीकडे पाहून म्हणालं होतं, 'ही एवढी होती तेव्हा वाचत होती का हो?' रमाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे गीतांजली विसरली नव्हती. आता प्रांजली चौथीत होती आणि जाडजूड पुस्तकं चघळत होती, पण तसली गोष्ट कोणी विसरतं थोडीच.

देवरावांनी पाटावर बसकण मारली आणि शर्टाच्या खिशातून पिवळा खडू काढला. रेल मिलमध्ये ते रूळ तपासायला होते. सगळी उमर त्यांनी रुळावरून बोटं फिरवण्यात आणि खडूने खूण करण्यात घालवली होती. त्यांनी पहिलं पुस्तक उचललं. पाठ दाबून पाहिली, पानं उन्हात धरली, शिवण ओढली.

"पास." उजवीकडे ठेवलं. मदन.

दुसरं उचललं. पानभर चित्र आणि खाली एक ओळ. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "छपाई राहून गेली वाटते याची."

"नाही बाबा," गीतांजली जपून म्हणाली, "ते तसंच असते. नव्या पोरांसाठी."

"तीन शब्द? एवढ्याशा खुराकावर पोट्टं वाढते का?" कव्हरावर खडूची फुली पडली. गुळगुळीत कव्हरावर ती नीटशी उमटलीही नाही, पण पुस्तक डावीकडे गेलं.

सत्यभामाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, परत पाठवायची आहेत ती. फुल्या कायले मारता?"

"हात ऐकत नाही," देवराव म्हणाले, आणि तिसऱ्यावर फुली मारली.

गीतांजलीने पदराने फुली पुसली आणि पुन्हा बोलायचा धीर केला. म्हणाली, सुरुवातीला कमी शब्द असले तर मूल घाबरत नाही, तोच शब्द पुन्हा आला की ओळखीचा होतो. देवराव ऐकत होते, पण त्यांचे डोळे पुस्तकाच्या शिवणीवर होते. तेवढ्यात नरेश उकिडवा बसला आणि डाव्या ढिगातलं एक पुस्तक उचलून त्याने वाचलं, "'भोपळा गोल. भोपळा लाल.' बाबा, हे तर मस्करी आहे."

देवरावांनी वर पाहिलं. नरेश आपल्या बाजूने बोलला, हे समजायला त्यांना एक क्षण लागला.

"मी तेच सांगून राहिलो," ते म्हणाले.

"आमच्या वेळी मदन होता. मदनने मारून मारून वाचायले लावलं."

"मारलं मी. मदनने नाही."

नरेश खदखदून हसला, आणि मग देवरावही. मग काय विचारता. नरेश एकेक पुस्तक उघडून नाटकी आवाजात ओळ वाचायचा, देवराव निकाल द्यायचे. 'टोपी उडाली.' फेल. 'टोपी झाडावर.' फेल. झाडावर टोपी बसली तर बसू दे, आपल्याला काय त्याचं? धनंजयही त्यात सामील झाला. नरेशने बॅगेतून टॅबलेट काढून इंग्रजी वाचन शिकवणारं काहीतरी दाखवलं, पंधरवड्यात मूल फाडफाड वाचायला लागतं म्हणाला, आणि नव्या यंत्रांच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या देवरावांनी तेही कौतुकाने पाहिलं. सत्यभामाबाई पुटपुटल्या, पी हळद अन् हो गोरी, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. बापलेकांना असं मांडीला मांडी लावून हसताना त्यांनी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. हातातला झारा तसाच धरून त्या दारात उभ्या होत्या, आणि गीतांजलीने पुन्हा तोंड उघडलं तसं त्यांनी डोळ्यांनीच तिला सांगितलं : राहू दे ना आता.

गीतांजलीने पुस्तकं सारखी करायला घेतली. उजवीकडे मदनच्या प्रतींची चवड चढत होती. तिने मागवलेलं एकेक पुस्तक डावीकडे जात होतं. कपाटात मदन भरला, की रोज मदन. सोनू संध्याकाळी धडा धडाधड म्हणणार, टाळ्या घेणार. पुढच्या रविवारी पुन्हा. कोणाला कधी कळणारच नाही, आणि पोरीला कधी वाचता येणार नाही. उलट तिने जास्त ताणून धरलं तर लोक विचारतील, तुला एवढं का लागलं? आणि नरेश हसत होता, आणि सासूबाईंचे डोळे ओले होते.

बकरीच्या पुस्तकाची पाळी आली. बकरी बसमध्ये चढते, कंडक्टरशेजारी बसते, असं काहीसं ते पुस्तक. सुशीलाकाकूंनी फोनवर त्याचंच कौतुक केलं होतं. देवरावांनी पान उघडलं, बंद केलं, खडू उचलला. गीतांजलीच्या तोंडून निघून गेलं,

"बाबा, रूळ असाच नुसता पाहून पास करत होते का तुम्ही?"

देवरावांचा खडू थांबला. हा प्रश्न त्यांना अपमानाचाही वाटला आणि आवडलाही. "नुसता पाहून? अरे, तुकडा कापून नेत होतो. वरून एवढं वजन सोडत होतो त्याच्यावर. तुटला तर सगळी रास परत. डोळ्यांनी पाहून कोणी रूळ देते का रेल्वेले?"

"मग यांच्यावर कुठं वजन सोडलं? वाचणार तर पोट्टे आहेत. त्यांच्या हाती देऊन पाहा."

मग देवरावांनी मांडीवर थाप मारली. चेहरा उजळला. "बरोबर बोलली सूनबाई. नरेश, टेस्ट. पहिले टेस्ट, मग निकाल." आणि खोक्याकडे वळून हाक मारली, "सोनू, ये बरं. हे बकरीचं वाच. आबाले दाखव, याच्यात दम आहे का नाही."

"टेस्ट पीस तैयार है," नरेश म्हणाला.

वजन गीतांजलीनेच मागितलं होतं, आणि खाली तिचीच पोर येऊन उभी राहिली होती. ती काही बोलणार, तोवर सोनू आजोबांच्या मांडीवर चढलीसुद्धा. तिने पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं, आणि छान लयीत सुरुवात केली.

"एक बकरी होती. तिले पावर हाउसच्या बाजारात जायचं होतं. ती बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, टिकट दिखाओ. बकरी म्हणाली, मेरे पास तो घास है."

देवराव डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. नरेशही हसला. "वा रे पोरी. तीन शब्दांचं पुस्तक म्हणत होते, एवढं लिहिलंय की."

प्रांजली सोनूच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "आबा," ती म्हणाली, "असं नाही लिहिलं. ये तो लिखा ही नहीं है."

तिच्या बोलण्यात हेवा नव्हता. चौथीतल्या पोरीला जे दिसलं ते तिने सांगितलं. पण देवरावांचे डोळे उघडले. त्यांनी चष्मा लावला, पानाकडे पाहिलं. मग काही न बोलता उजवीकडचा मदन उचलला, मधलंच एक पान काढलं.

"हे वाच."

सोनू सुटली. मदन, शाळा, पाटी, सगळं मोत्यासारखं. देवरावांनी तिला मध्येच थांबवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

सोनूचे ओठ हलले. ओळ पहिल्यापासून मनातल्या मनात म्हणत ती त्या शब्दापर्यंत आली. "पाटी."

उत्तर बरोबर होतं. पण ज्या माणसाने उभी उमर रुळातली केसाएवढी चीर शोधली, त्याच्या नजरेतून ते हललेले ओठ सुटले नाहीत. त्यांनी पान बदललं, अगदी शेवटची ओळ, अगदी शेवटचा शब्द. "आणि हा?"

सोनूने शब्दाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"सोनू," देवराव हळू आवाजात म्हणाले, "रोज दुपारी आपण काय करत होतो मग?"

"वाचत होतो ना, आबा."

देवरावांनी तिला मांडीवरून अलगद खाली ठेवलं. खडू खिशात घातला. "संध्याकाळी प्रांजली वाचेल," ते म्हणाले, आणि उठून अंगणात गेले. पेरूच्या झाडाखाली उभे राहून वाळकी पानं तोडू लागले. एकेक, काळजीपूर्वक.

नरेश म्हणाला, एवढं काय, ट्यूशन लावू, माझ्या ओळखीची एक मॅडम आहे. धनंजयने गीतांजलीकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात 'तू सांगितलं होतंस' एवढं तरी होतं.

सत्यभामाबाई पुढे आल्या. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं कावून नाही?"

"तुम्ही सगळे किती खूश होते, आई."

सत्यभामाबाईंनी अंगणाकडे पाहिलं, मग नरेशकडे. हसणं जिथे थांबलं होतं तिथे आता काय ठेवावं, ते त्यांना सुचत नव्हतं.

गीतांजली मात्र रमाची वाट पाहत होती. आता ताई बोलणार. वास्तूच्या दिवसाचं सगळं आता व्याजासकट परत येणार. त्यांचा हक्कच होता तो. तिने मान खाली घातली.

"प्रांजली, आत जा अन् आजीच्या फऱ्याकडे पाहा, लागून राहिला खाली," रमा म्हणाली. पोरगी गेल्यावर ती सतरंजीवर पुढे सरकली आणि डावीकडचा सगळा ढीग तिने आपल्याकडे ओढला. "यांनी अन् बाबांनी हसून हसून जी फेकली ना, ती मी मघापासून वाचून राहिली. चांगली आहेत गं. कोणी मागवली?"

गीतांजलीने मान वर केली.

"मले वाटलंच. बाबांनी मागवली असती तर बाराखडीचा दगड आला असता." मग जरा आवाज चढवून, पेरूच्या झाडापर्यंत जाईल असा, ती म्हणाली, "पोरगी खोटं बोलली नाही. गोष्ट सांगितली तिनं. चांगली सांगितली. आमच्या प्रांजलीले मोठाली पुस्तकं वाचता येतात, पण बकरीच्या तोंडी घास घालायचं तिले नसतं सुचलं."

नरेशने बायकोकडे असं पाहिलं, की ही आपल्याच घरातली का. "अरे, तू इकडून की तिकडून?"

"मी पुस्तकाकडून. तुम्ही फरा खा."

धनंजयला हसू फुटलं. गीतांजलीला रडू येणार होतं, तेही हसण्यासोबतच बाहेर आलं. आणि या सगळ्यात, जिच्यावरून एवढं झालं, ती सोनू रडत नव्हती. ती फरशीवर पालथी पडून बकरीचं पुस्तक पाहत होती. कपाळाला आठी.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"प्रांजलीदीदी म्हणते असं नाही लिहिलं. मग काय लिहिलं आहे?"

गीतांजली जागच्या जागी थांबली. पोरीने आजवर तिला हजार प्रश्न विचारले होते. पुढे काय झालं, बकरी कुठे गेली, मदन मोठा झाला का. काय लिहिलं आहे, हे कधीच विचारलं नव्हतं. कशाला विचारेल? तिच्या लेखी पुस्तकात तेच असायचं, जे आबा म्हणायचे किंवा ती म्हणायची. त्या काळ्या खुणा आपलं आपण काही बोलतात, तेही आपल्या बोलण्याहून वेगळं, ही बातमी तिला आजच कळली होती, आणि प्रांजलीने दिली होती.

उत्तर सांगायचं नाही, हे गीतांजलीला कळत होतं. जीभ दाताखाली धरून ती पोरीशेजारी पालथी पडली. साडीची पर्वा केली नाही. रमा पलीकडून वाकली.

चित्रात बकरीचे पुढचे दोन पाय बसच्या पायरीवर होते. खाली दोन शब्द.

"ब," सोनू म्हणाली. "क. बक... री. बकरी." मग चित्राकडे पाहून पटकन, "बकरी चढली."

गीतांजलीला वाटलं, पुन्हा तेच.

पण सोनूचं बोट पुढे गेलं नाही. ते दुसऱ्या शब्दाखाली थांबलं होतं. तिने चित्र पाहिलं, शब्द पाहिला, पुन्हा चित्र. ओठ बंद.

"नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "च नाही आहे. आ आहे. आ... ल... ली. आली. बकरी आली."

कोणी तिला चूक म्हटलं नव्हतं. कोणी बोट ठेवलं नव्हतं. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द जुळत नाहीत, हे तिचं तिला दिसलं होतं, आणि तिने तोंडातला सोडून कागदावरचा उचलला होता. गीतांजलीने रमाचा हात पकडला. रमानेही तो घट्ट दाबला, म्हणजे तिलाही कळलं होतं.

दारात सावली पडली. देवराव केव्हा आत आले होते कोण जाणे. हातात वाळक्या पानांची मूठ होती. पोरीचं ते एकेक अक्षर ओढणं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा आणखीनच उतरला होता.

"काल धडाधडा म्हणत होती," ते म्हणाले. "आज अडखळून राहिली."

"हो बाबा," गीतांजली उठून बसली. तिला आवाज आवरत नव्हता. "अडखळून राहिली. तेच तर."

"यात खूश व्हायसारखं काय आहे?"

"कालपर्यंत ती कुठंच अडत नव्हती, कारण ती पुस्तकात नव्हतीच. आज कागदानं तिले अडवलं, बाबा. पहिल्यांदा अडवलं. तिनं चढली म्हटलं अन् कागदानं नाही म्हटलं, अन् तिनं ऐकलं त्याचं. तुम्ही ऐका ना. इथं बसा, खाली."

सासऱ्याला असं हुकूम सोडल्यासारखं ती आजवर बोलली नव्हती. सत्यभामाबाईंच्या भुवया वर गेल्या. पण देवराव गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, खरोखरच फरशीवर बसले. नरेशने उठून त्यांच्या पाठीला लोड दिला आणि स्वतःही मागे टेकला.

सोनूने पान उलटलं. आता बकरी सीटवर, कंडक्टरच्या शेजारी. "बकरी," हे तिने पाहिल्याबरोबर ओळखलं, आणि ओळखलं म्हणून हसली. मग दुसरा शब्द. ती चित्रातल्या कंडक्टरकडे बघत बसली. देवरावांच्या ओठांवर शब्द येऊन ठेपला होता, तो त्यांनी सांगून टाकला असता. गीतांजलीने मान हलवली. त्यांनी ओठ मिटले. जो कधी कोणाच्या उत्तरासाठी थांबला नव्हता तो माणूस थांबला.

"ब... स... बस... ली. बसली. बकरी बसली." सोनूने वर पाहिलं. "आबा, हे खरंच असं लिहिलं आहे का?"

देवरावांनी चष्मा नाकावर सरकवला, पान जवळ घेतलं, आणि एखादा मोठा दाखला तपासावा तसं पाहिलं. "खरंच असंच लिहिलं आहे," ते म्हणाले.

"मग संध्याकाळी हीच वाचेल," गीतांजली म्हणाली. ती हे ठरवून बोलली नव्हती. पण बोलून गेल्यावर तिला भीती वाटली नाही. सकाळपासून जी धास्ती उराशी धरून ती बसली होती, ती शोधूनही सापडत नव्हती.

"अशी? थांबत थांबत? एवढ्या लोकांपुढे?" देवराव म्हणाले.

"अशीच. येणारे पोट्टेही असेच थांबत थांबत वाचतील ना, बाबा. त्यांच्या आईबापांनी पाहू द्या."

"लोक काय म्हणतील?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"म्हणू दे," रमा म्हणाली. "मी पुढच्या रांगेत बसते. पाहते कोण म्हणते ते."

नरेश म्हणाला की मग आपणही थांबतो संध्याकाळपर्यंत, वर्कशॉप एक दिवस बंद राहिलं तर कुम्हारी बुडत नाही. धनंजय म्हणाला, खुर्च्या कमी पडतील, शेजारून मागवाव्या लागतील. सत्यभामाबाई म्हणाल्या, फरा पुरणार नाही, पीठ आणखी भिजवते. देवराव म्हणाले, खुर्च्या कायले, सतरंज्या टाकू, पोट्ट्यांच्या बरोबरीने बसू दे सगळ्यांना. सगळे एकदम बोलत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते, आणि या घराच्या वास्तूनंतर पहिल्यांदाच सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते.

"चूप ना सगळे," सोनू वर न पाहता म्हणाली. "मी वाचून राहिली."

सगळे गप्प झाले. तिने पुढचं पान उलटलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.